जावेचं कराटे आणि माझी काठी

माझ्या धाकट्या जावेला कराटे येत होतं. एवढ्या एका कारणासाठी मी कराटे शिकले नाही. बाकीचे लोक असलं काही शिकायचं ठरवताना आपलं वय बघतात, अंगातली ताकद बघतात. मी माझी जाऊ बघितली.

ती महाडची, बाजारपेठेतल्या घरातली, बारावी झालेली. लग्न होऊन पोलादपूरच्या अलीकडच्या आमच्या वाडीत ती आली तेव्हा माझ्या दोन्ही मुली शाळेत जायला लागल्या होत्या. आम्हा दोघींचे नवरे मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. घरात सासू, आम्ही दोघी आणि मुली. सासूला ती पहिल्या दिवसापासून आवडली. माझी भाकरी जराशी काळी झाली की, "लक्ष कुठं हाय गो तुझं?" आणि तिची करपली की, "खरपूस लागते." मी हे तोंडातून काढत नसे, पण एक भाकरी विसरले असेन तर शपथ.

शाळेत असताना ती कराटेच्या वर्गाला जायची. तिला कुठला तरी रंगीत पट्टा मिळाला होता आणि तो ती सासरी येताना ट्रंकेतून घेऊन आली होती. लोक येताना पितळेचा डबा आणतात. माझ्या मुलींनी तो पट्टा पाहिला आणि माझ्या हातातून गेल्या. रोज संध्याकाळी अंगणात काकीच्या मागे उभ्या राहून हू आणि हा. मी चार हाका मारल्या तरी ऐकू जात नसत. काकीने नुसती मान हलवली की दोघी धावत.

माझ्याकडे तिच्याकडे नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे नोकरी. एमआयडीसीत औषधाच्या गोळ्यांच्या एका कंपनीत मी पॅकिंगला होते. जाऊही एकदा विचारायला आली होती, पण गेटाच्या आतला वास तिला सोसला नाही, डोकं धरून परत गेली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? देवाने एक जागा तरी माझ्यासाठी राखून ठेवली होती. तिथे सुपरवायझर मला विचारून टेबलावर बायका बसवायचा. मी म्हटलं 'ही नको' की ती नको. घरात आमटीत मीठ किती घालायचं हेसुद्धा मला कोणी विचारत नव्हतं.

मी संध्याकाळच्या एसटीने हायवेवरच्या फाट्याला उतरायचे आणि शेतातून चालत वाडीत यायचे. वाटेत ओढ्यावर एक साकव, छोटासा पूल, आहे. एका संध्याकाळी त्या साकवावर तिघे जण बसले होते. आमच्याकडचे नव्हते. खाली मोटारसायकल, हातात बाटली. एक जण उठून मधे उभा राहिला, दुसरा माझ्या मागे आला, तिसऱ्याने डब्याची पिशवी ओढली आणि आत काय आहे ते विचारायला लागला. तेवढ्यात मागून कोणीतरी गुरं घेऊन आलं म्हणून ते बाजूला झाले. मी घरी आले आणि मूर्खासारखी सगळं सासूला सांगून बसले.

"उद्यापासून कामावर जायाचा नाय," सासू म्हणाली. "घरात काय कमी हाय तुला?"

कमी काय होतं ते मला सासूसमोर कसं सांगता येणार? मी रडले, पाया पडले. शेवटी शेजारचे चुलतसासरे ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "अगो, पोरीला हातपाय हलवायला शिकू दे. नाय जमला तर मग बसव घरात." ते वाडीतल्या पोरांना शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी काठी फिरवायला शिकवत. त्यांच्या शब्दाला सासू जरा तरी मान देई. शिमग्यापर्यंत बघू, असं ठरलं.

आता शिकायचं काय? जाऊ लगेच पुढे झाली. "ताई, मी शिकवते ना तुम्हाला. मुली शिकतातच आहेत, त्यांच्याबरोबर उभ्या राहा."

माझ्या पोटच्या पोरींच्या शेजारी रांगेत उभी राहून मी हिला नमस्कार करायचा! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण चिडून चालणार नव्हतं, नाही म्हणायला काहीतरी कारण हवं होतं. मी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या वर्गात समोर किती जण असायचे गो मारायला?"

"एक," ती म्हणाली.

"एकाच वेळी तिघं?"

"नाही. एक झाला की दुसरा यायचा."

"वाकून नमस्कार करून?"

ती हसली आणि हो म्हणाली. इतकी सरळ होती की तिच्याशी भांडायचीही चोरी. मी चुलतसासऱ्यांकडे वळून म्हटलं, "साकवावरचे काही नंबर लावून येणार नाहीत."

त्यांना ते पटलं. कुस्तीचा विषय निघाला तोही त्यांनीच मोडला. "एकाला कवळलास की तुझे दोन्ही हात गुतले. बाकीचे दोघं पाठीत घालतील नि निवांत घालतील. तिघांना लांब ठेवायचा तर काठीच पायजे." काठी चहूबाजूंनी फिरते, तिच्या आत कोणी येऊ शकत नाही, हे त्यांनी ओटीवर हात फिरवून दाखवलं. ते बोलत होते तेव्हा मी जावेच्या तोंडाकडे बघत होते. तिला वाईट वाटल्याचं दिसावं अशी माझी फार इच्छा होती. ती मन लावून ऐकत होती.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे खळ्यावर माझी काठी सुरू झाली. अडचण एवढीच होती की खळ्यावर कवळाचे भारे रचलेले होते. आमच्याकडे पावसाआधी भाताचं रोप करायच्या जागी राब भाजतात, त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडून आणतात, तेच कवळ. भाऱ्यांमुळे काठीला जागा मिळेना. मी एका रविवारी सगळे भारे उचलले आणि साकवाकडून वाडीत येणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना रचून टाकले. रोजच्या पायाखालची वाट, कोणाला अडचण होणार?

"ताई, वाट अरुंद होईल हो," जाऊ म्हणाली.

"तुला काय करायचंय?" मी म्हटलं. एरवी मी कदाचित ऐकलं असतं. पण म्हणणारी ती होती.

खळं मोकळं झालं आणि माझा हात बसला. काठी उभी केली की माझ्या कानापर्यंत यायची. डोक्यावरून, कमरेवरून, पायाशी, पुन्हा डोक्यावरून. आवाज असा यायचा की कोंबड्या लांब पळायच्या. चुलतसासरे म्हणाले, "हात चांगला हाय." इतक्या वर्षांत त्या घरात माझं काही चांगलं आहे असं कोणी पहिल्यांदाच म्हणालं. मुली मात्र पायरीवर बसून जांभया देत. धाकटी म्हणाली, "आई, काकीसारखी लाथ मार ना." मी तिला आत पिटाळलं.

काठी घेऊन कामावर जायचं म्हणजे वेगळीच वरात. कंडक्टर म्हणायचा, हिचं अर्धं तिकीट काढा. एमआयडीसीत जाणाऱ्या मिनीडोर रिक्षात ती आडवी मावत नसे, बाहेर काढून धरावी लागे. गेटवरचा वॉचमन ती छत्र्यांच्या कोपऱ्यात ठेवून घ्यायचा आणि टेबलावरच्या बायका विचारायच्या, "म्हशी कुठं बांधल्या?" मनातल्या मनात मी त्या तिघांना रोज झोडपायचे आणि रोज ते झोडपणं बघायला माझी जाऊ एका बाजूला उभी असायची.

ते पुन्हा भेटले ते शिमगा जवळ आला तेव्हा. दिवस मावळत होता. साकवावर या खेपेला कोणी नव्हतं, म्हणून मी निर्धास्त पुढे आले आणि वाटेवर वळले, तर भाऱ्यांच्या आडोशाला तिघे बसलेले. मीच रचलेले भारे, त्यांना टेकून. एक पुढे, एक मागे, तिसरा पिशवीशी, पहिल्यासारखंच. मी पिशवी टाकली, पाय रोवले आणि शिकवल्याबरहुकूम काठी डोक्यावरून फिरवली. ती अर्धी फिरली आणि डावीकडच्या कवळात खचकन अडकली. ओढून काढली, उजवीकडे फिरवली, तिकडे अडकली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण मीच वाकडं करून ठेवलं होतं.

पुढच्याने काठीचं दुसरं टोक पकडलं. "काकी, दांडिया खेळायचा का?" म्हणाला. तिघे हसले. मागच्याचा हात माझ्या खांद्यावर पडला तेव्हा मला वाटलं, संपलं आता सगळं.

आणि वाडीच्या बाजूने माझी जाऊ धावत आली. ओरडली नाही, काही नाही. तिसऱ्याच्या गुडघ्यावर तिने अशी लाथ घातली की तो कळवळून खाली बसला. लाथ सुंदर होती. त्या तसल्या वेळीही मला ती सुंदर दिसली आणि माझा जळफळाट झाला. पण वर्गातल्यासारखं दुसऱ्याने थांबायला हवं होतं, तो थांबला नाही. माझ्या खांद्यावरचा हात काढून त्याने मागून तिची वेणी धरली आणि तिला ढकलून दिलं. ती मनगटावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

त्या आवाजासरशी मी काठी सोडली. कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप हात सुटले. दुसरं टोक जोर लावून ओढणारा तो काठीसकट उताणा कवळात गेला आणि त्याचा धक्का वेणीवाल्याला बसला. मी जावेला तिच्या धड हाताला धरून उठवलं आणि आम्ही दोघी पळालो. अशा पळालो, अशा बोंबललो की वाडीतली झाडून सगळी माणसं बाहेर आली. पुरुष बॅटऱ्या आणि कोयते घेऊन गेले, तोवर मोटारसायकल हायवेला लागली होती. ते पुन्हा आमच्या बाजूला दिसले नाहीत.

रात्र व्हायच्या आत वाडीभर झालं की धाकटीने तिघांना लोळवलं. एकाला मी पाडलं होतं! हे मी दोन-तीन ठिकाणी सांगून पाहिलं. बायका "हो का?" म्हणाल्या आणि पुन्हा लाथ कशी मारली ते विचारायला तिच्याकडे गेल्या. महाडला नेऊन तिच्या हाताला प्लास्टर घातलं. प्लास्टरसुद्धा तिलाच मिळालं. माझ्या मुलींनी त्यावर शाईने फुलं काढली. तिच्या वाटणीची भांडी, पाणी, भाकऱ्या माझ्याकडे आल्या. मोठ्या मुलीने तेव्हा सांगून टाकलं की काकी रोज संध्याकाळी वाटेवरच्या आंब्याच्या झाडापर्यंत येऊन उभी राहायची आणि मी साकव ओलांडला की मला दिसायच्या आत परत फिरायची. म्हणजे मी काठी खांद्यावर टाकून रुबाबात येत होते, त्या सगळ्या संध्याकाळी. मला इतका राग आला की मी तिच्याशी तो अख्खा दिवस बोलले नाही.

सासूने निकाल दिला. आता नोकरी बंद. या वेळी चुलतसासरेही खाली मान घालून बसले. मी पुन्हा रडले, पुन्हा पाया पडले. सासू भिंतीकडे तोंड करून सुपारी कातरत राहिली.

"आई, ताईंचं काम बंद करू नका," जाऊ म्हणाली. हात गळ्यात बांधलेला, चेहरा ओढलेला. "मी रोज फाट्यावर घ्यायला जाईन. दोघी असलो की बरं पडतं."

"बरं," सासू म्हणाली.

एवढंच! मी पदर पसरून जे मिळवू शकले नाही ते हिला एका वाक्यात मिळालं. माझी नोकरी, माझं टेबल, माझ्या बायका, सगळं आता हिच्या शब्दावर उभं होतं. त्या क्षणाइतका तिचा हेवा मी आधी कधी केला नव्हता आणि नंतरही केला नाही.

ती बोलल्याप्रमाणे येऊ लागली. मी एसटीतून उतरायचे, ती पिशवी घ्यायला चांगला हात पुढे करायची, मी द्यायची नाही. मग आम्ही पुढेमागे चालत घरी जायचो. ती बोलायची, मी हूं म्हणायचे.

एका संध्याकाळी एसटी फाट्याला थांबली आणि खिडकीतून ती दिसली नाही. मी पायरीपर्यंत आले आणि तिथेच दांडा धरून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "बाई, उतरा की." माझे पाय उतरेनात. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मागचे लोक ओरडायला लागले. एवढ्यात ती टपरीच्या मागून मुलींसाठी पेपरमिंट घेऊन धावत आली.

"कुठं मेली होतीस?" मी पायरीवरूनच ओरडले. आख्खी गाडी बघत होती. "उद्यापासून या मैलाच्या दगडापासून हलायचं नाय. कळलं?"

"हो, ताई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एसटी वळणावर आली तेव्हा ती त्या दगडाला चिकटून उभी होती. नंतरही मी तिला कधी तिथून हललेलं पाहिलं नाही. मुलींनी माझं ऐकलं नाही, सासूने ऐकलं नाही. त्या घरात माझा शब्द पाळणारं तेवढं एकच माणूस होतं.