काचनळीला पक्कडचा हात

कारखान्यात त्याचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. सगळे त्याला पक्कड म्हणायचे. त्याने आवळलेला नट उघडायलाही त्यालाच बोलवावं लागे. घरी तीच तऱ्हा. तो कामावर निघण्याआधी बायको सगळ्या बरण्या सैल करून घ्यायची, नाहीतर दिवसभर साखरेवाचून बसायची पाळी.

तीस वर्षं लोखंडी नळ जोडण्यात गेली आणि मग काचनळ्यांचं काम आलं. टाकीत पाणी किती ते बाहेरून दिसावं म्हणून उभी बसवायची नळी. नट आवळताना सोमवारी एक तडकली, मंगळवारी दुसरी.

मुकादम म्हणाला, "दादा, उद्या तिसरी गेली तर तुम्हाला या कामावरून काढणार. वरून तसं सांगितलंय."

संध्याकाळी पक्कडला घर खायला उठलं. बसे, उठे, बंद नळ पुन्हा आवळून येई. शेवटी नळीबरोबर आलेला सूचनेचा कागद त्याने सुनेपुढे धरला. ती शाळेत इंग्रजी शिकवायची.

"मामंजी, पाना लावू नका, हाताने ग्रिप करा, असं लिहिलंय."

"तेच तर करतोय गं."

तिने शब्दकोश काढला. "ग्रिप म्हणजे मुठीत घट्ट धरणं. टायरने रस्ता धरणं. गोष्टीने ऐकणाऱ्याला खिळवणं. भीतीने माणसाला घेरणं."

"हे शेवटचं माझंच. हलकं धरणं कुठाय त्यात?"

"तेवढं नाही दिसत."

"म्हणजे लिहिणारा माझ्यासारखाच."

आतून बायको म्हणाली, "त्याच्या घरी बरण्या कोण उघडतं, विचारा."

मग तो बरण्याच घेऊन बसला. हलकं लावायचं म्हणून कितीही ठरवलं, तरी उजवा हात सवयीने शेवटचा पीळ देईच. वैतागून एक झाकण त्याने डाव्याने फिरवलं. बायकोने ते दोन बोटांनी उघडलं.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"काहीतरीच."

बुधवारी नळी जागेवर बसवून त्याने उजवा हात खिशात कोंबला आणि नट डाव्याने फिरवला. थांबला. बोटं पुन्हा नटाकडे सरकली, ती त्याने मागे घेतली.

"हात दुखावला का दादा?" मुकादमाने विचारलं.

"नाही. कोंडून ठेवलाय."

पाणी सोडलं. नळीत ते हळूहळू चढत गेलं, वरच्या खुणेला टेकलं. ना तडा, ना थेंब.

"चला, पुढची घ्या," मुकादम म्हणाला आणि निघून गेला. पक्कडने डाव्या हाताने पुढची नळी उचलली. उजवा मात्र खिशात नुसता वळवळत होता.