कसणाऱ्याचा चौकोन

"पुसा ते," पुण्याहून आलेले साहेब म्हणाले.

डस्टर त्यांच्या हाताजवळच पडलं होतं. त्यांनी ते दिलं नाही. मी ओढणीने पांढरा फळा पुसला. राइस मिलच्या ऑफिसात शेठजी, मॅनेजर, साहेबांची दोन माणसं, सगळे बघत बसले होते. ओढणीला लागलेली निळी शाई धुऊनही गेली नाही.

माझा गुन्हा एवढाच. शेठजींना आमच्याकडचा सुवासिक चिन्नोर तांदूळ पाकिटात भरून मोठ्या शहरांत विकायचा होता. पाकिटावर शेतकऱ्याचं नाव आणि गाव, हाच धंद्याचा सगळा बेत. त्यासाठी कॉम्प्युटरवर नवी व्यवस्था बसवायला हे साहेब आले होते. अशा कामात आधी आराखडा काढतात. कोण कोण आहे, कोणाचा कोणाशी काय संबंध, ते चौकोन आणि बाण काढून ठरवतात. गोंदियाच्या कॉलेजात मी हेच शिकले होते. साहेबांच्या आराखड्यात शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. पण आमच्याकडे कितीतरी धान बटईचं असतं. जमीन एकाची, राबणारा दुसरा. म्हणून मी उठून 'कसणारा' असा आणखी एक चौकोन काढला.

साहेब हसले. "मॅडम, आम्ही मोठमोठ्या कंपन्यांचे आराखडे केलेत. आता गेटवर एंट्री करणाऱ्यांकडून शिकायचं का?"

शेठजी म्हणाले, "अरे, इसका बाप बटई करता है ना. इसलिए."

सगळे खदखदून हसले. आणि मी काय म्हणाले? "सॉरी सर." त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते.

शेठजी खोटं बोलले नव्हते. माझे बाबा दवनीवाड्याला बटईनेच धान करतात. पण त्या खोलीत ती शिवी झाली होती, आणि मीही ती शिवीसारखीच ऐकून घेतली.

पुढे कितीतरी दिवस जेवताना ताटातही माझं बोट चौकोन काढायचं. आई म्हणाली, "काऊन चिवडून राहिली वं भात?"

साहेबांच्याच आराखड्याने व्यवस्था बसली आणि धानाची खरेदी सुरू झाली. रांगेत बाबा आले. त्यांच्या पोत्यांची तोंडं लाल चिंधीने बांधलेली. आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. आमच्याकडे प्रत्येक कसणारा आपल्या रंगाची चिंधी बांधतो, म्हणजे मिलमध्ये पोती मिसळत नाहीत. हमाल नाव वाचत नाहीत, चिंधी बघतात.

मी सातबाऱ्याचा नंबर टाकला. मालकाचं नाव उमटलं. तो रायपूरला राहतो. लेबल निघालं आणि मीच ते पोत्यावर चिकटवलं. बाबांनी अक्षर अक्षर लावून वाचलं.

"हे कोनाचं नाव होय वं?"

"जमीनवाल्याचं."

"तो त बांधावरही नाही आला कधी." मग ते वाकले आणि लाल चिंधी सोडू लागले. "मंग हे कायले ठेवू?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी त्यांचा हात धरला. लेबल ओढून फाडलं. पुढची एंट्री केली नाही, त्याच्या पुढचीही नाही. रांग थांबली.

शेठजी बाहेर आले. "नौकरी करनी है कि नहीं?"

"करायची आहे," मी म्हणाले. "पण पाकिटावर ज्याचं नाव छापणार, त्याला विचारा शेतात धानाची रोवणी कधी झाली. सांगता यायचं नाही. मी खोटी एंट्री करणार नाही."

त्यांनी माझ्या खुर्चीवर मॅनेजरला बसवलं. रांग पुन्हा चालू लागली. बाबांचं धान त्याच नावाने आत गेलं. मला ते थांबवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेटसमोरच्या भिंतीवर गेरूने तोच आराखडा काढला. मधोमध कसणाऱ्याचा चौकोन. रांगेतली माणसं त्यात नावं लिहितात. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची मी लिहिते.

शेठजींनी मला कामावरून काढलंय. भिंत पुसायलाही सांगितलंय, चुन्याची बादली आणि कुंचा पाठवलाय. सगळं तिथेच पडलंय. पुसायचं असेल तर त्यांनी स्वतः यावं, या रांगेसमोर, स्वतःच्या हाताने पुसावं. मी पुन्हा काढीन.