पन्नास भोकांची फळी

उस्ताद काडतुसं भरायला बसले की आधी खिशातला मोबाइल जेवणाच्या डब्यात टाकत आणि डब्याला घट्ट झाकण लावत. मग शर्टाच्या बाह्या दुमडत, चष्मा पुसत, आणि त्यानंतरचा तासभर त्या खोलीत कुणीही एक अक्षर बोलायचं नाही. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. एकदा क्लबचे सेक्रेटरी दारातून नुसतं "नमस्कार" म्हणाले, तर उस्तादांनी नमस्कार घेतला आणि भरलेल्या एकोणतीस पितळी पुंगळ्यांमधली बंदुकीची दारू त्यांच्यादेखत परत बाटलीत ओतली.

गेल्या महिन्यात गावाहून काकींचा, उस्तादांच्या बायकोचा, फोन आला, उस्ताद गेले म्हणून. तेव्हापासून तो डबाच माझ्या डोळ्यांसमोर येतो आहे.

खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमच्या नेमबाजी क्लबची रेंज आहे. उस्ताद मूळचे साताऱ्याकडचे. पोलिसांच्या शस्त्रागारात उभी नोकरी करून निवृत्त झाले आणि सानपाड्यात, आमच्या मागच्याच सोसायटीत राहायला आले. बंदूक शिकवणाऱ्याला खात्यात उस्ताद म्हणतात, तेच नाव पुढे चालू राहिलं. क्लबकडे काडतुसं भरण्याचा परवाना होता आणि परवान्यावर नाव उस्तादांचं. मी एका कंपनीत कारकून, सुट्टीच्या दिवशी क्लबच्या बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरने नेम मारणारी, आणि जन्मजात बडबडी. आमचं जमलं कसं, हे काकींना शेवटपर्यंत कोडंच होतं.

बाजारातली काडतुसं उस्तादांना पसंत नव्हती. "ती हजारो लोकांसाठी केल्याली असत्यात," ते म्हणत. "ही बया येगळी हाय." बया म्हणजे माझी रिव्हॉल्व्हर. तिला काय मानवतं हे शोधायला त्यांनी अख्खा एक हिवाळा घालवला. दारू केसभर कमी, केसभर जास्त, गोळी जरा आत, जरा बाहेर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग रिव्हॉल्व्हर वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या झाडायच्या आणि कागदाशी जाऊन उभं राहायचं. उस्तादांच्या खिशात सोडावॉटरच्या बाटलीचं एक झाकण असे. पाचही भोकं त्या झाकणाखाली झाकली गेली तर पास. एक जरी बाहेर डोकावलं, की झाकण खिशात आणि पुन्हा पहिल्यापासून.

या सगळ्याची नोंद एका वहीत व्हायची. तिच्यात दारूच्या मापाशेजारी काहीही सापडे. "हवा दमट. चहा पांचट." "आज गुडघा दुखला. एक भोक बाहेर, त्याचा दोष गुडघ्याला न्हाई." मी हसले की म्हणत, "हासू नगंस. जे झालं ते लिवायचं. पुढच्याला कळाया पायजे." पुढचा म्हणजे कोण, असं मी एकदा विचारलं तर त्यांनी माझ्याकडे नुसतं चष्म्यावरून बघितलं.

भरायची त्यांची रीतही ठरलेली. सागवानाची एक जुनी फळी, तिला पन्नास भोकं. पन्नास रिकाम्या पुंगळ्या त्यात उभ्या करायच्या, एकेकीत दारू घालायची, आणि सगळ्या भरल्या की टॉर्च मारून प्रत्येकीत डोकवायचं. मगच गोळी बसवायची. मध्ये कुणी बोललं तर पन्नासच्या पन्नास परत ओतायच्या. "ध्यान एकच असतंय," ते म्हणत. "जिभंला दिलं तर हाताला उरत न्हाई."

आणखी एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून शंभरदा म्हणून घेतली होती. आवाज मऊ आला, की बोट चापावरून बाहेर. पुंगळीत दारूच नसेल तर बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या जोरावर गोळी जेमतेम निघते आणि नळीतच अडकते. तिच्या मागून दुसरी सोडली तर नळी फाटते, बोटंही जातात. "समोर पदक ठेवल्यालं असंना का," ते म्हणत, "मऊ वाजलं की तुझा खेळ संपला."

राज्याच्या संघासाठी मी तीन वर्षं धडपडत होते. तिसऱ्या वर्षी शेवटच्या निवड चाचणीला बोलावलेल्यांच्या यादीत माझं नाव लागलं. यादी मोबाइलवर आली आणि मी धावतच खोलीत घुसले. उस्ताद फळीवर वाकलेले होते. "उस्ताद, लागलं! नाव लागलं!" मी ओरडले आणि लगेच जीभ चावली. आता ओततात सगळं, असं वाटलं. पण उस्ताद चक्क हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. "लागलं व्हय? आगं, मला ठावंच हुतं," म्हणाले. मग टॉर्च फिरवता फिरवता कितीतरी वेळ माझ्याशी बोलत राहिले. चाचणी कुठे आहे, काय खाऊन जायचं, बूट कुठले घालायचे. मीही सुटलेच. माझ्यासाठी नियम मोडला म्हणून मला तर भारीच वाटलं.

चाचणीच्या दिवशी माझा नेम असा लागत होता की मागे उभे असलेले उस्ताद, एरवी गोळी चुकली की खोकणारे, एकदाही खोकले नाहीत. शेवटची फेरी उरली होती. संघात चार जागा, आणि मी तिसरी. चाप ओढला आणि आवाज आला तो मऊ. पुस्तक मिटल्यासारखा.

बोट आपोआप बाहेर आलं. रिव्हॉल्व्हर खाली ठेवली, हात वर केला. घड्याळ चालूच राहिलं, उरलेल्या गोळ्या तशाच राहिल्या आणि माझी जागा गेली. उस्तादांनी तिथेच पितळी सळईने ती अडकलेली गोळी ठोकून बाहेर काढली आणि पंचांना स्वच्छ आवाजात सांगितलं, "भरनारा मी. माझी नजर उतरलीया. हिचा काय दोष न्हाई." संध्याकाळी खोलीची किल्ली सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली.

आणि मी काय बोलले? "दिसत नव्हतं तर आधी सांगायचं होतं, उस्ताद." एवढंच, पण सगळ्यांसमोर. हे वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात.

महिन्याभराने ते आणि काकी गावी राहायला निघाले. जायच्या आदल्या दिवशी उस्ताद आमच्या दारात आले. पिशवीत ती फळी, वही आणि बाटलीचं झाकण. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," म्हणाले. मी पिशवी घेतली. आत या म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. ते जिना उतरताना एका हाताने कठडा धरून उतरत होते. मी दार लावून घेतलं.

पुढे सहा-सात महिन्यांनी क्लबला भरणारं माणूस हवं होतं. उस्तादांच्या हाताखाली इतकी वर्षं बसलेली मी एकटीच, म्हणून परवान्यावर माझं नाव लागलं. पहिल्या दिवशी मोबाइल डब्यात टाकला, पन्नास पुंगळ्या उभ्या केल्या, दारू घातली आणि माप पुन्हा पडताळायला वही उघडली. चाचणीच्या काडतुसांचं पान निघालं.

"पन्नास. हवा कोरडी. पोरीचं नाव लागलं. मधीच बोलनं झालं. परत वतलं न्हाई. लई आनंद झालता."

त्याखाली दुसऱ्या शाईने, "एक मोकळं गेलं. चूक माझी."

मी ते पान किती वेळा वाचलं कोण जाणे. मग डब्याचं झाकण उघडून मोबाइल काढला आणि गावी फोन लावला. उस्तादांनीच उचलला.

"उस्ताद, तेव्हा मध्येच मी बोलले होते. तुमच्या नजरेचं काही नव्हतं."

"नजरंला काय धाड भरलीया? कालच तुज्या काकीला सुईत दोरा ववून दिला."

"मग तसं का सांगितलंत सगळ्यांना?"

"पोरगी मधी येऊन बोलली म्हनून काडतूस मोकळं गेलं, आसं पसरलं आसतं तर तुज्या हातात किल्ली दिली आसती का कुनी? म्या तर गावाकडं निघालोच हुतो."

मला रडू आवरेना. माफ करा, असं काहीतरी म्हणत होते. पलीकडून अचानक आवाज बदलला.

"थांब. कुठनं बोलतीयास तू?"

"खोलीतूनच."

"फळीवर दारू हाय?"

"हो. पन्नास भरल्यात."

"आन् फोनवर बोलतीयास व्हय गं? वत. सगळ्या माघारी वत!"

आणि फोन ठेवून दिला. ते आमचं शेवटचं बोलणं.

मी डोळे पुसले, मोबाइल डब्यात टाकून झाकण लावलं आणि पन्नासच्या पन्नास परत ओतल्या.