पाठमोरी बय

"पानी लांब हाय, खेला रं!"

हे ती आमच्याकडे न बघता म्हणायची. तोंड समुद्राकडे, पाठ आमच्याकडे, गुडघे पोटाशी घेतलेले आणि उन्हासाठी कपाळावर आडवा हात. मागे हुतूतूचा सामना ऐन रंगात आलेला असो, दोनशे माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत असोत, बय काही वळायची नाही. आमच्या गावात हुतूतूचं वेड तिच्याइतकं कुणालाच नव्हतं, आणि बारा वर्षांत तिने एकही सामना डोळ्यांनी पाहिला नव्हता. आता बोला!

गाव वाढवणच्या अलीकडचं, मच्छीमारांचं. मी तिथे पन्नास सालाच्या सुमाराला प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागलो. बय म्हणजे त्या बाजूला आई किंवा आजी. ही मात्र साऱ्या गावाचीच बय. तिचं खरं नाव मी शाळेच्या दाखल्यावरच वाचलं असेल, तिच्या नातवाचं नाव घालताना.

आमच्याकडे सपाट मैदान म्हणून नव्हतंच. जिथे थोडी मोकळी जागा, तिथे बोंबील वाळत घातलेले. त्यामुळे सामने व्हायचे ते किनाऱ्यावर, ओहोटीने मोकळ्या केलेल्या घट्ट वाळूत. भरती लागली की मैदान गेलं. मी यायच्या आदल्या वर्षी अंतिम सामन्यात दोन घड्याळांनी दोन वेळा दाखवल्या आणि त्यावरून डोकी फुटली होती. तेव्हा जाणत्या माणसांनी हे काम बयवर सोपवलं. तिने समुद्राच्या बाजूला वाळूत एक खुंटी ठोकली आणि निकाल दिला, "पानी खुंटीला लागलं का खेल बंद. मधेच कोनी चढाई करीत असंल तरी बंद. पानी कोनाच्या सासऱ्याचं नाय."

सगळ्यांना पटलं. खुंटी कुठे ठोकायची हे बय तिथी बघून ठरवायची. अष्टमीचं पाणी सुस्त, दशमीनंतर त्याला जीव येतो, असलं तिचं गणित असायचं. मी गणित शिकवायचो, पण तिची खुंटी पाच मिनिटांनीसुद्धा चुकलेली मला आठवत नाही. मध्यंतराची शिट्टी माझी. शेवटची शिट्टीही मीच फुंकायची, पण बयने हात वर केल्यावरच.

आता खरं सांगतो. खुंटीचं काम तिला दिलं ते तिला पाणी कळतं म्हणूनच केवळ नव्हे. तिचा एकुलता एक मुलगा वादळात होडीसकट गेला होता. होडी आली नाही, माणूस आला नाही. तेव्हापासून ती रोज दुपारनंतर किनाऱ्यावर पाण्याकडे बघत बसायची. सून डहाणूच्या बाजारात मासळी विकायला जायची, नातू इथे वाळूत खेळायचा आणि ही बसलेली. कुणी समजूत घालायला गेलं की म्हणायची, "मी काय रडते हाय? बसलेय." तिच्या बसण्याला काहीतरी काम मिळालं तर बरं, असं गावातल्या शहाण्या माणसांना वाटलं. अशी शहाणी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती बोलत नाहीत, नुसती खुंटी हातात देतात.

पण बयने त्या कामाचं सोनं केलं. ती सामना कानांनी बघायला शिकली. कोण चढाईला गेला हे ती दमावरून ओळखायची. "हुतूतूतू" करताना कुणाचा सूर नाकात जातो, कुणाचा मधेच फाटतो, कुणी चोरून श्वास घेतो, सगळं तिला पाठ. एकदा तर पाठमोरी बसल्या बसल्या ओरडली, "मास्तर, त्याचा दम तुटला!" मी पंच, चार हातांवर उभा, आणि मला कळलं नव्हतं. त्या गड्याला विचारलं तर त्याने मान खाली घातली.

सामना संपला की माझी खरी परीक्षा सुरू. ती मला घरी न्यायची, पुढ्यात तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण ठेवायची आणि समोर मांडी घालून बसायची.

"आता सांगा मास्तर. पयल्यापासून."

मी सांगायचो. तिच्या नातवाची चढाई आली की तिचे डोळे असे मोठे व्हायचे, की भाकरीचा घास माझ्या हातातच राहायचा.

"मग तो डाव्या अंगाला वळला," मी म्हणायचो.

"नाय, उजव्या. आवाज तकडून आला."

"बय, मी डोळ्यांनी पाहिलं!"

"डोल्याचं काय घेऊन बसलाव मास्तर? परत सांगा."

मी परत सांगायचो. दोन वेळा जेवल्याशिवाय आणि तीन वेळा सामना खेळल्याशिवाय त्या घरातून माझी सुटका नसे. बायको म्हणायची, तुम्ही पंच आहात की कीर्तनकार?

नातू पहिलीत माझ्याच हाताखाली होता. अभ्यासात बेताचा, पण पायात वारं. अठराव्या वर्षी तो आमच्या संघाचा हुकमी गडी झाला, आणि त्याच वर्षी चुलत्याने घरी येऊन सांगितलं की नारळी पौर्णिमेनंतर पोराला माझ्या होडीवर घेतो. बय बोलणार काय? मच्छीमाराच्या घरात पोरगा होडीवर जाणार नाही तर कुठे जाणार? पण दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. वर्ग चालू होता. दारातूनच म्हणाली, "मास्तर, त्याला जमिनीवर कायतरी काम बगा. हमाली चालंल. एक दिला मी पान्याला, आता दुसरा देनार नाय."

मी खूप ठिकाणी पत्रं टाकली. त्यातल्या एका पत्राला उत्तर आलं. मुंबईतल्या एका गिरणीला आपल्या हुतूतूच्या संघासाठी एक गडी हवा होता. निवडलेल्याला गिरणीत नोकरी. जागा एकच. त्यांचा माणूस वैशाखातला आमचा अंतिम सामना बघायला येणार होता. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा बयने ते माझ्याकडून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि सरळ चोळीत खोचलं. मला ते पुन्हा मिळालं नाही.

सामना कैनाडशी पडला. कैनाडची पोरं डोंगराकडची शेतकरी, नांगर धरून मनगटं लोखंडी झालेली. त्यांनी एकदा पाय धरला की सुटणं नाही. दशमीचा दिवस होता. सगळा गाव किनाऱ्यावर लोटला. गिरणीचा माणूस हातात छत्री घेऊन आला. किडकिडीत, अबोल, आणि उन्हात छत्री काही उघडेना. बयने खुंटी ठोकली, दोनदा हलवून पाहिली आणि पाठ करून बसली. "पानी लांब हाय, खेला रं!" म्हणाली, पण त्या दिवशी आवाज जरा चढाच होता.

काय सामना झाला तो! अजून आठवला की मी खुर्चीत नीट बसू शकत नाही. मध्यंतराला बरोबरी. मग आम्ही त्यांचे दोन बाद केले, पण कैनाडने आमचे चार गडी एकामागून एक उचलले. आम्ही दोन गुणांनी मागे, आत उरलेले तिघे, आणि पाणी खुंटीपासून वीतभर. नातू चढाईला निघाला. "हुतूतूतूतू..." असा सूर त्याने याआधी कधी लावला नव्हता. खालून, पोटातून आलेला, एकसंध.

आणि बय वळली.

मी पाहिलं ना! बारा वर्षांत न वळलेली बाई गर्रकन वळली, दोन्ही तळवे वाळूत टेकून, तोंड उघडं टाकून बघत राहिली. नातवाने कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला, माघारी फिरताना दुसऱ्याला लाथ मारली, तेवढ्यात कैनाडच्या कप्तानाने त्याचा घोटा धरला. पोरगा आडवा पडला. पण दम तुटला नाही! त्या धिप्पाड कप्तानासकट तो वाळूतून बोटाबोटाने रेषेकडे सरकू लागला. आणि त्याच वेळी मला बयच्या मागे पाणी खुंटीला लागलेलं दिसलं.

शिट्टी माझ्या तोंडात होती. मी फुंकली नाही. शिट्टी बयच्या हाताच्या खुणेवरच द्यायची असा नियम आहे, असं मी मनाला सांगितलं. पंचाने असं करू नये. मी केलं.

पोराची बोटं रेषेला लागली. तीन गुण! गावाने आकाश डोक्यावर घेतलं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, कुणी माझी टोपी उडवली, ती गेली ती गेलीच. मग गलका एका बाजूने शांत होत आला. बय लुगडं घोट्यावर धरून गर्दीतून पुढे येत होती आणि तिचा हात वर होता.

"शेवटची चढाई धरू नका. पानी आधीच लागलं."

"बय, काय बोलतेस?" चुलता ओरडला.

"खुंटी जाऊन बग. चार बोटं पानी चढलंय. चार बोटं चढाया दोन चढायांचा येल लागतो. मी फिरले व्हते. माजी चूक."

कैनाडचा कप्तान वाळू झटकत पुढे आला. "राहू दे आजी, त्याने मला ओढत नेलं. आम्ही हरलो."

"तू कोन सोडनारा?" बय त्याच्यावरच उखडली. "पानी तुजं हाय का?"

मग मी शिट्टी फुंकली आणि कैनाड जिंकल्याचं जाहीर केलं. आमची माणसं बयकडे बघेनात. ती वाळूत मटकन बसली. तिने काय गमावलं हे तिच्याइतकं तिथे कुणाला ठाऊक होतं? मी शेजारी बसलो. मीही पाहिलं होतं हे सांगायला तोंड उघडलं, तर तिने माझा दंड पकडला.

"मास्तर, पायलाव का कसा गेला तो? पयल्याला हात असा लावला! मंग दुसऱ्याला लाथ, अशी! मंग तो त्यांचा कप्तान पडला त्याच्यावर, त्याचा पाय धरला..."

ती मला सामना सांगत होती. पहिल्यापासून. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक गळतंय, आणि बाई हातवारे करून वाळूवर रेषा काढतेय. मी तिला एकदाही सांगितलं नाही की मी तिथेच उभा होतो.

सांगता सांगता ती रेषेपर्यंत पोचली आणि समोर छत्री दिसली.

"हा पोरगा तुमचा का?" गिरणीच्या माणसाने विचारलं.

"माजा."

"पुढल्या सोमवारी पाठवा."

"पन गुन धरले नाय," बय म्हणाली. नको तिथे खरं बोलायची तिला खोडच होती.

"गुण कैनाडला राहू द्या. मला दम हवाय."

बय उभी राहिली. मला वाटलं आता पाया पडेल. तर तिने त्या माणसाला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तकडे पानी किती लांब?"

तो गोंधळला. "पाणी? नळाला येतं. सकाळी दोन तास."

"बस झालं," बय म्हणाली.

नातू मुंबईला गेला. पुढे माझी तलासरीला बदली झाली, तरी वैशाखात पंच म्हणून मी जायचोच. खुंटी बयचीच होती, पण आता ती तिरकी बसायची, एक डोळा पाण्यावर आणि एक खेळावर. दोन्हीकडे लक्ष नसायचं आणि कुणी तक्रार करायचं नाही. अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी, हिवाळ्यात, बय गेली. मला कळवायला कुणी आलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्या वैशाखात नातू गिरणीचा संघ घेऊन गावी खेळायला आला. अंगाने भरला होता, पायात बूट होते. बक्षीस मिळालेलं मनगटी घड्याळ त्याने माझ्या हातावर बांधलं. "मास्तर, हे मुंबईचं टायम हाय, चुकायचं नाय." आम्ही सामना सुरू केला. घड्याळात आठ मिनिटं बाकी होती, तोच पाणी रेषा पुसत आत आलं. बघता बघता घोट्यापर्यंत. तिथी बघून खुंटी ठोकायची कुणाला आठवणच राहिली नव्हती. दोन्ही संघ हसत, उड्या मारत पाणी उडवू लागले.

नातू मधल्या रेषेवर होता तिथेच उभा होता. मग तो वाकला आणि ओंजळ ओंजळ पाणी घेऊन तोंड धुऊ लागला. खाऱ्या पाण्याने कुणी तोंड धुतं का? मी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि सामना संपल्याची शिट्टी दिली.