पखालवाल्याची तहान

मास्तर अजून भेटले की तेच म्हणतात, "गोष्ट तुमची शेवटाला फसली बघा." म्हणू द्या. खरं काय ते माझ्याशिवाय एकाच माणसाला कळलं होतं, आणि ते माणूस गेलं.

सत्तर संपून ऐंशी लागायच्या सुमाराची गोष्ट. नाशिकला सातपूरच्या बाजूला आमच्या वसाहतीत रविवारी दुपारी आम्ही चौघं सारीपाट खेळायचो. मी, बायको, शेजारचे मास्तर आणि मेव्हणा. मेव्हणा मनमाडला रेल्वेत, सुट्टीला गाडी धरून यायचा. दर वेळी तोच जिंकायचा आणि जिंकला की तोंडाने छळायचा. एकदा वैतागून मी सोंगट्या गोळा केल्या. म्हटलं, "पट बास. आता मी गोष्ट सांगतो, तुम्ही तिच्यात चाला. एकेक माणूस घ्या. अडलं की कवड्या टाका, पडतील तसं घडेल."

गोष्ट अशी, की गावाच्या विहिरीत कोणीतरी विष कालवलंय आणि त्याला शोधायला तीन माणसं घाटापलीकडे निघालीत. मास्तर फौजदार झाले, मेव्हणा पैलवान. बायकोने वाटाड्या घेतला.

"बाई वाटाड्या?" मेव्हणा म्हणाला.

"स्टेशनवरून घरी येताना वाट कोण चुकतं रे?" ती म्हणाली.

बाकीची सगळी माणसं माझ्या तोंडून बोलायची. त्यातलाच एक पखालवाला. म्हशीच्या पाठीवर पाण्याची कातडी पखाल टाकून तो ह्यांच्या मागे चालायचा. विष त्यानेच घातलं होतं. विहीर गेली की गाव त्याच्या पखालीवर येणार, एवढा साधा हिशेब. हे मी पहिल्याच रविवारी ठरवलं आणि कोणाला बोललो नाही.

वाईट माणूस लपवायचा तर अंधारात ठेवून भागत नाही, त्याला कामाला लावावा लागतो. मी त्याला लंगडा केला, फौजदाराच्या शिव्या खायला लावल्या, एकदा पैलवानाचा मारही. पुढे एक सावकार नाचवत ठेवला, सोन्याचे दात, काळा घोडा. सगळे त्याच्या मागे. खूण मात्र मी उघड्यावर ठेवली होती. पखालवाला आपल्या पेल्यातून सगळ्यांना पाजायचा आणि म्हणायचा, "तुम्ही प्या, मी मागून पितो." ह्या तिघांनी घाट गाठू नये म्हणून पखालीतही तो हळू भिनणारं विष चिमूटभर टाकायचा, त्यामुळे तो प्यायला, असं मी कधीच सांगितलं नाही. ह्यांना वाटायचं, माणूस किती रीतीचा.

आम्ही चौघंही बौद्ध, निफाडकडच्या खेड्यांतले. लहानपणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलेले. सावकार, पाटील, फौजदार, कोणावरही आम्ही डोळे मिटून संशय घेतला असता. स्वतःच्या पेल्यातून पाणी देणाऱ्यावर घ्यायचा हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. मला ते ठाऊक होतं, म्हणून तर त्याला पखाल दिली.

गोची तिने केली. एका रविवारी तिचा वाटाड्या पखालवाल्याला म्हणाला, "आज आधी तुम्ही प्या, दादा." मी म्हैस उधळवली. पुढच्या रविवारी परत तेच. मी वावटळ आणली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा सावकाराच्या घोड्याच्या टापा वाजवल्या. मास्तर आणि मेव्हणा कवड्यांवर तुटून पडले. ती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर तिने कधी आग्रह केला नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली, "तोच आहे ना?"

"कोण?"

"उगाच वेड पांघरू नका. बदला त्याला."

"का म्हणून? एवढे दिवस सांभाळलाय. उलगडेल तेव्हा मास्तरांचं तोंड बघ."

"त्यांचं तोंड बघाल. माझं?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "आपल्या पेल्यातून पाणी देणारा कोणी भेटला नाही हो आम्हाला. एक तुम्ही दिलात, तोही खोटा निघायचा?"

"अगं, गोष्ट आहे ती."

"मग गोष्टीत तरी राहू द्या."

बघू म्हणालो. बदलणार नव्हतोच.

पुढच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशननंतर पाणी बंद होतं. मी ओल्या कापसाने ओठ पुसायचो.

"पखालवाला कुठवर आला?" तिने विचारलं.

"येतोय मागून."

"लंगडा कोणी केला त्याला?" म्हणाली आणि हसली. हसताना टाके दुखायचे तिला. दवाखान्यातून ती घरी आली नाही.

पुण्यानुमोदनाला आलेली माणसं वरणात मीठ कमी आहे यावर बोलत होती. मी ऐकत बसलो होतो. माणूस गेल्यावर एवढीच किंमत.

काही महिन्यांनी एका रविवारी मेव्हणा आणि मास्तर आले. पट मांडायची कोणाला इच्छा नव्हती. मेव्हणा म्हणाला, "दाजी, विष कोणी घातलं तेवढं सांगून टाका. ताईला कळलं होतं वाटतं, पण बोलली नाही."

दोन वर्षं जपलेलं नाव माझ्या जिभेवर होतं. ते घेतलं असतं तर दोघं उडाले असते. मी म्हणालो, "सावकाराने."

मास्तर बघतच राहिले. "सावकाराने? हे तर शेंबडं पोरही सांगेल. मग आम्हाला इतके रविवार बसवलंत कशाला?"

"दाजी, तुम्हालाच ठाऊक नव्हतं, कबूल करा," मेव्हणा म्हणाला. दोघं हसले. तिची जागा रिकामी होती आणि हे हसत होते. मी हसू दिलं.

मग सांगितलं, "सावकाराला बांधून नेला. पखालवाला बाभळीच्या सावलीला बसला, पेला भरला आणि प्यायला."

"त्याचं काय मध्येच?" मास्तर म्हणाले.

"काही नाही," म्हटलं, आणि कवड्या डबीत भरल्या.