बंद पिंप

रविवारी बायकोने पिंपात लाकूड भाजून ते बंद ठेवलं होतं. सोमवारी शाळेतून आल्यावर ती ते उघडणार होती. सोमवारी दुपारी तलासरीच्या शाळेत, वर्गात शिकवताना ती पडली. संध्याकाळी तिला घरी आणलं. पिंप बंद होतं.

ते साल २०१८. पिंपाचा उद्योग त्याच्या दोन वर्षं आधीचा. आईला दम लागायचा. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं होतं. घरात गॅस होता, पण तांदळाची भाकरी आई चुलीवरच थापायची, आणि चूल सोडायचं नाव काढलं की जेवायची नाही. बायको विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, आई बदलणार नाहीत, तर लाकूड बदलून बघू. कुठेतरी तिने वाचलं होतं की हवा लागू न देता लाकूड बेताच्या आचेवर भाजलं, तर त्यातलं पाणी आणि धूर करणारा बराच अंश आधीच निघून जातो. मग ते कमी धुरात जळतं आणि पावसाळी हवेतही सर्द होत नाही. मात्र त्याचा कोळसा होऊ द्यायचा नाही.

"लाकूड काय पापड आहे भाजायला?" आई म्हणाली.

"भाजून तर बघते. नाही जमलं तर तुमच्या चुलीत घाला."

पहिल्या खेपेला ते खरंच चुलीत घालण्याइतकंही उरलं नाही. बागेतल्या चिकूच्या वाळक्या फांद्या आणि सुरूचे तुकडे तिने पिंपात भरले, बाहेरून जाळ घातला आणि आत काय झालंय ते बघायला झाकण गरम असतानाच उचललं. हवा लागताच आतलं सगळं पेटलं. तिच्या भुवया थोडक्यात वाचल्या.

आई ओट्यावर बसून हसत होती. "अगं, उबाडियुंचं मडकं कोणी मधेच उघडतं का?"

आईचं माहेर झाईच्या पलीकडचं, गुजरातेतलं. तिथे थंडीत कंद आणि पापडीच्या शेंगा पाल्यासकट मडक्यात कोंबतात, मडकं उपडं घालतात आणि भोवती जाळ करतात. अच्छाडच्या पुढे हायवेला अशी मडकी आम्ही सगळ्यांनीच पाहिली होती. बायकोने आईकडे बघितलं आणि म्हणाली, "मग या ना, लिंपून द्या." आई कुरकुरत उठली. त्या दिवसापासून शेणमातीने झाकण लिंपायचं काम आईचं झालं.

झाकणाला एक भोक ठेवलेलं असे. त्यातून आधी वाफ येई, मग आंबूस वासाचा धूर. तो वास तिखट होऊ लागला की बायको जाळ ओढून घेई आणि भोक मातीने बुजवी. ती वेळ तिला नाकानेच कळायची. मी जवळच पुस्तक घेऊन बसलेला असायचो. मला दोन्ही वास सारखेच वाटायचे.

ती गेल्यावर सुतकात चूल पेटली नाही. शेजारून डबे येत होते. नंतर आईने पुन्हा भाकऱ्या थापायला घेतल्या, साध्या लाकडावर. पाऊस सुरू झाला तशी लाकडं सर्द झाली आणि आईचा दम पूर्वीसारखा वाढला. एका सकाळी तिला चुलीपुढे नीट बसवेना. मी कोयता घेऊन पिंपाकडे गेलो.

"हात लावू नकोस," आई मागून म्हणाली. "थंड झाल्याशिवाय उघडायचं नसतं ते."

"आई, पावसाळा आला."

ती थोड्या वेळाने आली, माझ्या हातातून कोयता घेतला आणि आपणच लिंपलेली माती खरवडून काढली. आत लाकूड कोरडं होतं. सगळ्या तुकड्यांचा रंग भाजलेल्या नाचणीसारखा, एकसारखा. आईने एक तुकडा गुडघ्यावर मोडला. तो खट्कन तुटला.

"पापड बरा भाजलाय हो," ती म्हणाली. माझ्याशी नाही.

ते लाकूड त्या पावसाळ्यात संपलं. आता आई झाकण लिंपते आणि जाळ मी ओढतो. कधी कोळसा होतो, कधी लाकूड कच्चं राहतं. पिंप मागच्या अंगणात आहे. आईला दम लागतो, पण कमी.