जव्हारच्या अंगाला थोडं

गौराताईच्या मोबाइलमध्ये साडेआठशे पानांचं इंग्रजी पुस्तक मावेना, म्हणून मी तिच्या भावाच्या लग्नाचे फोटो उडवले. पुस्तक वायरलेस अभियांत्रिकीचं. तिसऱ्याच पानावर समीकरणं. गौराताईने ते उघडलं, खाली-वर केलं आणि विचारलं, "नित्या, ह्यात नवरी कुठली?"

गौराताई साखरशेतची. दहावी पास, दोन पोरांची आई. दरवर्षी भाताची झोडणी उरकली की नवऱ्याबरोबर वसईकडे वीटभट्टीवर जायची, पोरांना घेऊन. यंदा आमच्या संस्थेने डोंगरातल्या शाळांना वायरलेसने इंटरनेट दिलं होतं, आणि ते सांभाळायला खोडाळ्यात एक माणूस हवं होतं. परीक्षा पास झाली तर गौराताई इथेच राहणार आणि पोरं शाळेत. नाही तर भट्टी. तिला शिकवायचं काम माझ्याकडे. मी जव्हारच्या कॉलेजात शिकलेला, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा समज.

पुस्तकानंतर इंटरनेटवरचे व्हिडिओ शोधले. ते हिंदीत होते, चांगले होते. पण तिच्या पाड्यात रेंज नव्हती. रेंज कशी मिळते हे शिकायला आधी टेकडी चढून रेंज गाठायची! शेवटी मीच बोलून रेकॉर्ड करून द्यायला लागलो. पहिला पाठ ऐकून ती म्हणाली, "हा कोण साहेब बोलतोय? माझ्याकडं भाकरी खाताना बोलतोस तसं बोल की."

मग तसं बोललो. रेडिओची लाट समजावली खुंटीला बांधलेल्या दोरीवर. वायरलेसची तबकडी मनोऱ्याकडे कशी जुळवायची ते तिच्याच अंगणात उभं राहून सांगितलं: "बोल्ट सैल कर. जव्हारच्या अंगाला थोडं फिरव. सिग्नलचा आकडा बघ." नागली निंदताना ती मोबाइल पदरात बांधून हे ऐकायची. शेजारच्या बायांनाही ते पाठ झालं. त्यांच्यातली चैती तर तिला लांबून बघूनच ओरडायची, "जव्हारच्या अंगाला थोडं!"

दिवाळीनंतर खोडाळ्यात शाळेच्या गच्चीवर परीक्षा झाली. परीक्षा घेणारे साहेब ठाण्याचे. तबकडी मुद्दाम वाकडी करून ठेवलेली. गौराताईने बोल्ट सैल केले आणि तबकडी जव्हारच्या अंगाला फिरवली. आकडा पडला. तिने अजून फिरवली. आता आकडाच गेला. इथला मनोरा बरोबर उलट्या टेकडीवर होता, आणि मला तोंड उघडायची मनाई.

ती थांबली. पदराला हात पुसले.

"हा नित्या बोलला तेव्हा उभा कुठं होता?" ती स्वतःशीच म्हणाली, पण साहेबांनाही ऐकू गेलं.

मग तिने गावांची नावं सोडून दिली. बोटभर फिरवायची, बघायची. आकडा पडला तर मागे, सुधारला तर पुढे. बराच वेळ गेला. हळूहळू आकडा चढला आणि टिकला. खरा पाठ एवढाच होता. मध्ये जव्हार मी घुसडलं होतं.

साहेब म्हणाले, "हा आकडा डेसिबलमध्ये असतो. डेसिबल म्हणजे काय?"

"तो पाठ ह्यानं दिलाच नाही," तिने सरळ माझ्याकडे बोट केलं. "त्यालाच येत नसंल."

साहेब हसले. मी खालची शेतं बघत उभा राहिलो.

काम तिला मिळालं. नवरा यंदा एकटाच भट्टीवर गेला. जाताना धाकट्याला बराच वेळ कडेवरून उतरवत नव्हता.

डेसिबलचा पाठ मी चारदा बोललो आणि चारदा पुसला. काल गच्चीवरून तिचा फोन.

"नित्या, कळलं का रे तुला?"

"वाचतोय," म्हटलं.